वाहत्या पाण्याचा हिशेब

पावसाळा सरत आला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक कोष्टक नेमाने छापले जाते. धरणाचे नाव, एकूण क्षमता, आजचा साठा, गेल्या वर्षी याच तारखेला असलेला साठा आणि शेवटी टक्केवारी. धाराशिव जिल्ह्यात हे कोष्टक पंचांगासारखे वाचले जाते. निम्न तेरणात किती, सीना-कोळेगावात किती, मांजरात किती, यावर ऊस लावायचा की हरभऱ्यावर भागवायचे हे ठरते. घराची वरची खोली यंदा बांधायची की पुढच्या वर्षी, मुलीचे लग्न कार्तिकात की वैशाखात, हेसुद्धा पुष्कळदा त्याच टक्केवारीवर ठरते.

या कोष्टकात एक रकाना मात्र कधीच नसतो. धरणातून सोडलेले पाणी कालव्यात किती वाहिले, वितरिकेत किती उतरले आणि सर्वांत शेवटच्या चारीवरच्या, ज्याला आपण ‘टेल’ म्हणतो तिथल्या शेतकऱ्याच्या बांधावर किती पोचले, हे कोणी छापत नाही. वाचकही विचारत नाहीत. साठ्याचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो, वाहत्या पाण्याचा हिशेब ठेवायची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही.

आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला हा फरक चटकन जाणवतो. खात्यावरची शिल्लक पाहून धंदा कसा चालला आहे ते कळत नाही, त्यासाठी उलाढाल पाहावी लागते. पैसा आला कुठून, गेला कुठे, वाटेत किती गळाला, हे न पाहता नुसत्या शिलकीवर कर्ज देणारी बँक फार दिवस टिकत नाही. पाण्याचेही तसेच आहे. साठलेले पाणी मोजणे सोपे असते. पातळी पाहावी, तक्ता उघडावा, आकडा वाचावा. वाहते पाणी मोजणे कठीण, इतके कठीण की ते कसे मोजावे हे समजायला शहाण्यासुरत्या माणसांची दीड हजारावर वर्षे गेली. त्या शोधाची गोष्ट रोमपासून पॅरिसपर्यंतची आहे, तशीच ती नळदुर्गाची आणि पुण्याचीही आहे. ती आज सांगायचे कारण एवढेच की, जे ज्ञान इतक्या कष्टाने हाती आले त्याचा आपण आपल्या पाटावर उपयोग करत नाही.

रोमचा हिशेबतपासनीस

इसवी सन ९७ मध्ये रोमच्या बादशहाने सेक्स्टस ज्यूलियस फ्रॉन्टिनस नावाच्या अनुभवी प्रशासकाला शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमले. डोंगरातून दगडी पाटांनी शहरात पाणी आणणारी ती व्यवस्था जगाला अचंबा वाटावा अशी होती. फ्रॉन्टिनसने पहिले काम केले ते दप्तर तपासण्याचे. दप्तरात एक आकडा, पाटाच्या मुखाशी मोजला तर दुसरा, वाटप झालेल्या पाण्याची बेरीज तिसरीच. त्याला चोरीचा संशय आला आणि तो काही खोटा नव्हता. पाटाला चोरून भोके पाडणारे, मंजुरीपेक्षा मोठी नळी बसवून घेणारे, कर्मचाऱ्यांशी संगनमत करणारे, सगळे त्याला सापडले. त्याने ते लिहून ठेवले आणि ते पुस्तक आजही उपलब्ध आहे. आपल्या कालव्यांवर काम केलेल्या कोणाही माणसाला ते वाचताना परकेपणा वाटणार नाही.

पण फ्रॉन्टिनसच्या हिशेबात एक मूलभूत अडचण होती. तो पाणी मोजत होता ते नळीच्या तोंडाच्या आकारावरून. तोंड दुप्पट तर पाणी दुप्पट, असे ते गणित. वेगाने येणारे पाणी जास्त भरते हे त्याच्या लक्षात आले होते, पण तो वेग हिशेबात कसा धरावा याची रीत त्याच्याजवळ नव्हती. म्हणजे ज्याला तो चोरी समजत होता त्यातली काही तूट चोरी नसून मोजण्यातलीच असू शकत होती. अलेक्झांड्रियाच्या हीरोने पाण्याच्या आडव्या छेदाबरोबर वेगही पाहिला पाहिजे असे लिहून ठेवले होते. ते पुढे जग विसरून गेले.

आपल्यालाही हे नवे नाही. ‘पाट भरून वाहतोय’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! पाट भरलेला असणे आणि पाट वाहता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे गवत माजून पाणी तुंबले असेल तर पाट काठोकाठ दिसतो आणि शेवटाला ओंजळभरही पाणी जात नाही.

सन १६१३

आता आपल्या घरी येऊ. नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदीवर जो बंधारा आहे, तो विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली पुरा झाला. तो बांधणाऱ्याचे नाव मीर इमादीन असे सांगितले जाते. नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ हे दोन भाग या बंधाऱ्याने जोडले आहेत. सुमारे नव्वद फूट उंचीच्या या भिंतीच्या पोटात एक महाल आहे, त्याला पाणीमहाल म्हणतात. वरच्या अंगाचे बोरीचे धरण भरून वाहू लागले आणि इथला बंधारा तुडुंब झाला की ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळू लागते. सोलापूर, लातूर आणि अगदी हैदराबादहून माणसे ते पाहायला येतात. धबधबा पाहावा, फोटो काढावा, कणीस खावे आणि परतावे, असा तो कार्यक्रम असतो.

तिथे उभे राहून आणखी एका गोष्टीचा विचार करावा असा आहे. बंधारा बांधणे हे निम्मे काम झाले. पूर येईल तेव्हा जादा पाणी कुठून जाऊ द्यायचे, त्यासाठी भिंतीत किती रुंद वाट ठेवायची आणि ती किती उंचीवर, हा खरा अवघड प्रश्न. वाट अरुंद ठेवली तर पाणी भिंतीवरून चढून सगळेच वाहून नेणार, खाली ठेवली तर साठाच होणार नाही. मीर इमादीनने हा निर्णय घेतला तेव्हा जगात कुठेही सांडव्यावरून किती पाणी जाते ते सांगणारे सूत्र नव्हते. त्याच्याजवळ होते ते नदीचे निरीक्षण, जुन्या बांधकामांचा अनुभव आणि दगडाची जाण. सव्वाचारशे वर्षांच्या आसपास पावसाळे अंगावर घेऊन ती भिंत उभी आहे. १८५३ नंतर काही वर्षे या भागाचा कारभार पाहिलेल्या मेडोज टेलरलाही या किल्ल्याने भारून टाकले होते. आपल्या आत्मचरित्रात त्याने नळदुर्गाचे वर्णन मोठ्या आवडीने केले आहे.

योगायोग असा की त्याच १६१३ सालच्या डिसेंबरात इटलीत गॅलिलिओने आपला शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याला एक पत्र लिहिले, जे पुढे विज्ञान आणि धर्मग्रंथ यांच्या वादात फार गाजले. पत्र खगोलाविषयी होते, पण हा कास्तेल्ली, जो एक धर्मोपदेशक होता, पुढे नद्यांच्या प्रश्नांत गुंतला. १६२८ मध्ये रोममध्ये त्याचे वाहत्या पाण्याच्या मोजणीवरचे छोटेसे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्याने सांगितले की नदीच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे प्रवाह. पात्र अरुंद झाले की वेग वाढतो, रुंद झाले की कमी होतो, पण वाटेत पाणी आत आले नाही किंवा बाहेर गेले नाही तर गुणाकार तोच राहतो. लिओनार्दो दा विंचीलाही हे उमगले होते, पण त्याच्या वह्या बंदच राहिल्या. लोकांपर्यंत ही गोष्ट पोचली ती कास्तेल्लीच्या पुस्तकामुळे. फ्रॉन्टिनसच्या दप्तरातला कोडा सुटायला अशी पंधराशे वर्षे लागली.

नदीत बुडवलेली काचेची नळी

प्रवाह म्हणजे क्षेत्रफळ गुणिले वेग, हे कळले. पण वेग किती? पृष्ठभागावर लाकडाचा तुकडा टाकून पाहता येतो. खाली, पाण्याच्या पोटात काय चालले आहे? त्या काळच्या अनेक पंडितांचे मत असे की जितके खोल जावे तितका वेग जास्त, कारण वरच्या पाण्याचा भार. टाकीच्या तळाशी भोक पाडले तर पाणी जोरात येते, वरच्या बाजूला पाडले तर कमी जोराने, तेव्हा नदीतही तसेच असणार. तर्क देखणा होता आणि चुकीचा होता.

१७३२ साली आंरी पितो या फ्रेंच माणसाने काटकोनात वाकवलेली काचेची नळी पॅरिसच्या सीन नदीत बुडवली. नळीचे तोंड प्रवाहाच्या दिशेला. पाणी जितक्या वेगाने येईल तितके ते नळीत वर चढेल. त्याने वेगवेगळ्या खोलीवर पाहिले तर तळाकडे वेग कमीच होत गेला. तळ आणि काठ पाण्याला मागे खेचतात, पाणी त्यांना घासत जाते. साध्या नळीने पंडितांचा वाद मिटवला. त्याच तत्त्वाची पितो-नळी आज विमानाचा वेग मोजण्यासाठी वापरतात.

पाणी काठाला आणि तळाला घासते हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न येतो की घासण्याने वेग किती कमी होतो. १७६८ च्या सुमारास यव्हेत नदीचे पाणी पाटाने पॅरिसला आणायची योजना निघाली आणि पाट किती रुंद खणायचा ते ठरवायचे काम अंत्वान शेझी या इंजिनिअरकडे आले. पाणी उताराने पुढे ओढले जाते, काठ-तळाच्या घर्षणाने मागे खेचले जाते आणि दोन्हींचा तोल साधला की एका ठरावीक वेगाने वाहते, असा विचार करून त्याने सूत्र मांडले. त्या सूत्राप्रमाणे उतार चौपट केला तर वेग दुप्पट होतो, चौपट होत नाही. या शेझीचे नशीब मात्र आपल्याकडच्या पुष्कळ गुणी माणसांसारखेच. ते सूत्र त्याच्या हस्तलिखितातच राहिले, राज्यक्रांतीच्या धामधुमीत पाटाचे काम बारगळले, तो गरिबीत दिवस काढत राहिला आणि उतारवयात संस्थेचा प्रमुख झाल्यावर थोड्याच काळात, १७९८ मध्ये वारला. त्याचे मूळ टिपण जगासमोर नीट आले ते १८९७ मध्ये, एका अमेरिकन इंजिनिअरच्या प्रयत्नाने.

हिशेबनिसाचे सूत्र

आज जगभरातले इंजिनिअर कालवा आखताना जे सूत्र वापरतात त्याला मॅनिंगचे नाव आहे. हा रॉबर्ट मॅनिंग शिक्षणाने इंजिनिअर नव्हता, हिशेबनीस होता. आयर्लंडमध्ये बटाट्याच्या रोगाने भीषण दुष्काळ पडला असताना, १८४६ साली तो तिथल्या सरकारी बांधकाम खात्याच्या पाणी-निचरा विभागात लागला. काम करता करता शिकत गेला आणि १८७४ मध्ये मुख्य इंजिनिअर झाला. त्याच्या काळी वाहत्या पाण्याची इतकी सूत्रे झाली होती की कोणते खरे मानावे हे कळेना. मॅनिंगने केले ते अस्सल हिशेबनिसाचे काम. त्याने त्यातली सात नावाजलेली सूत्रे घेतली, प्रत्येकाने निघणारा वेग वेगवेगळ्या परिस्थितीत मांडला, सरासरी काढली आणि त्या सरासरीला जुळेल असे एक सोपे सूत्र शोधले. १८८९ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्याने ते डब्लिनमध्ये वाचून दाखवले. गोक्लेर आणि हागेन यांना तेच आधी सुचले होते, पण नाव मॅनिंगचे राहिले. स्वतः मॅनिंगला मात्र ते सूत्र फारसे पसंत नव्हते!

त्या सूत्रात पुढे एक छोटासा आकडा रूढ झाला, खडबडीतपणाचा. सिमेंटच्या गुळगुळीत अस्तराला तो साधारण ०.०१२ ते ०.०१५ धरतात, साफ ठेवलेल्या मातीच्या पाटाला ०.०२ ते ०.०२५, आणि गवत-झुडपे माजलेल्या पाटाला ०.०५ किंवा त्याहूनही जास्त. हा आकडा दुप्पट झाला की तेवढ्याच खोलीच्या पाण्याचा वेग निम्मा होतो. म्हणजे जी चारी ०.०२५ धरून आखली आणि जिच्यात आज बेशरम आणि पाणकणीस उभे आहे, ती काठोकाठ भरली तरी ठरल्याच्या निम्मेच पाणी नेते. उरलेले निम्मे पाणी वरच राहते, फुटून नाल्यात जाते किंवा वरच्या माणसाच्या शेतात जाते. त्यासाठी कोणी दरोडा घालावा लागत नाही. गवतच ते काम करते.

हे समजायला फार शिकावे लागते असेही नाही. रात्री दारे धरणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. भांगलून साफ केलेल्या सरीत पाणी झरझर पुढे पळते आणि तण माजलेल्या सरीत ते रेंगाळते, हे त्याला पायाखालच्या गारव्यावरून कळते. मॅनिंगने आकड्यात मांडले ते हेच.

स्वयंपाकघरातली उसळी आणि पुणे

स्वयंपाकघरातल्या नळाची धार सपाट सिंकमध्ये पडते तेव्हा काय होते ते घरातल्या मुलांना जरूर दाखवावे. धार पडते तिथे पाण्याची पातळ, गुळगुळीत चकती पसरते आणि थोड्या अंतरावर एकदम गोल कडे उठते. कड्याच्या आत पाणी उथळ आणि वेगवान असते, बाहेर खोल आणि संथ. वेगवान पाणी संथ होताना अशी उसळी घेते. सांडव्याच्या पायथ्याशी जो पांढरा फेसाळ खळखळाट दिसतो तो याच कुळातला. इटलीत तुरीन येथे बिदोने याने १८१८ च्या सुमारास या उसळीचे प्रयोग केले, पुढे फ्रान्सच्या बेलांजेने तिचे गणित बसवले.

दुसरा प्रयोग ओढ्याकाठचा. संथ पाण्यात खडा टाकला तर तरंग वरच्या दिशेलाही जातात. पाणी पुरेसे वेगात असेल तर तरंग वर चढूच शकत नाहीत, सगळे खाली वाहून जातात. या दोन अवस्थांच्या सीमेवर एक निर्णायक वेग असतो. पाट एका ठिकाणी अरुंद केला आणि तळ थोडा उचलला तर पाणी तिथे तो वेग गाठते. मग खाली काय चालले आहे याची खबर वर पोचत नाही आणि वरच्या अंगाला पाण्याची उंची किती, एवढ्या एका मापावरून प्रवाह कळतो. फिरते चक्र नको, वीज नको. एक मोजपट्टी आणि एक तक्ता पुरे.

याच कल्पनेवर पुण्याला मोलाचे काम झाले. मुंबई इलाख्याने १९१६ साली सिंचनाच्या संशोधनासाठी एक खास कक्ष सुरू केला, त्याचीच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झाली. तिथले क्लॉड इंग्लिस यांनी १९२८ साली कालव्यावर अशी मोजणीची घडण कशी बांधावी याचे टिपण प्रसिद्ध केले. नीरेसारख्या दख्खनच्या कालव्यांखाली जमिनी पाण्याने फुगून चोपण का होतात याचाही अभ्यास त्यांनी केला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या डी. व्ही. जोगळेकरांनी नद्यांचे वर्तन आणि नियंत्रण यांवरची मार्गदर्शिका १९५६ मध्ये संपादित केली. त्याआधी पुण्यातच शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारी दारे बसवली होती आणि नीरा कालव्यावर पाणी थोडक्यांना न देता गावोगाव ठरावीक गट पाडून द्यावे अशी पद्धत आणली होती. म्हणजे वाहते पाणी कसे मोजावे आणि कसे वाटावे या दोन्ही गोष्टींची उत्तरे महाराष्ट्राच्या भूमीवर शंभर वर्षांपूर्वी तयार होती.

मग टेलला पाणी का नाही?

खेड्यातल्या शाखेत कर्जाच्या फायली पाहताना एक शब्द वारंवार भेटे, ‘लाभक्षेत्र’. गट नंबर लाभक्षेत्रात आहे असा दाखला जोडला की जमीन बागायत धरायची, बागायत धरली की कर्जाची मर्यादा वाढायची. कागद चोख असे. पण एकाच वितरिकेवरच्या हेडच्या आणि टेलच्या दोन शेतकऱ्यांना सारखेच कर्ज दिले तर तीन-चार वर्षांत पहिला फेडून मोकळा होई आणि दुसरा थकबाकीदार. दोघांची मेहनत सारखी, माती सारखी, कागदावरचे पाणीही सारखे. फरक होता तो चारीतल्या पाण्याचा, आणि तो कुठल्याच फायलीत नव्हता. थकबाकीदारांच्या यादीत नाव लागले की गावात माणसाची पत जाते. ज्या पाण्याच्या भरवशावर तो बुडाला ते कधी त्याच्यापर्यंत आलेच नव्हते, हे कोणी लिहून ठेवत नाही.

आपली जुनी पद्धत पीक आणि क्षेत्र पाहून पाणीपट्टी आकारण्याची. किती एकर ऊस, किती एकर गहू, तेवढी पट्टी. त्यात पाणी किती घेतले हे विचारायचे कारणच नाही. फ्रॉन्टिनस नळीचे तोंड मोजत होता, आपण शेताचा बांध मोजतो. दोन्हींत वेग नाही, वेळ नाही, प्रवाह नाही. २००५ साली महाराष्ट्राने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला आणि पाणीवापर संस्थेला घनमापाने, म्हणजे मोजून पाणी द्यावे असे त्यात आणले. विचार नेमका होता. पण मोजून द्यायचे तर मोजायची जागा हवी, तिथली पट्टी शाबूत हवी, रोज तिची नोंद करणारा माणूस हवा आणि ती नोंद ज्याला वाचता येते असा शेतकरी हवा. कायद्याने पट्टीवरचा चिखल पुसला जात नाही.

हे होऊ शकते याचा पुरावाही आपल्याच राज्यात आहे. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी टेलच्या शेतकऱ्यांना घेऊन १९९१ च्या सुमारास तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. ज्यांना पाणी मिळत नव्हते त्यांच्यापासूनच सुरुवात. पाणी मोजून घ्यायचे, मोजून वाटायचे, पट्टी वेळेवर भरायची. पुढे साऱ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. त्याहून जुने उदाहरण खानदेश-बागलाणातल्या फड पद्धतीचे. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड आणि प्रत्येक फडात पुष्कळांचे तुकडे. पाणी कमी असले की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे झळ सगळ्यांना थोडी थोडी बसते. पाटकऱ्याजवळ सूत्र नव्हते, पण तूट कोणी सोसायची याचा निवाडा पद्धतीतच होता. पाणी मोजायचे ते शेवटी याच निवाड्यासाठी.

पूर आला तेव्हा

वाहत्या पाण्याकडे दुर्लक्ष केल्याची शिक्षा दुष्काळातच मिळते असे नाही. आपला जिल्हा बालाघाटाच्या पाठीवर बसला आहे. एका उतारावरचे पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला जाते, दुसऱ्या उतारावरचे सीना-बोरीतून भीमेला आणि पुढे कृष्णेला. माथ्यावरच्या माणसाला दोन्हींकडचे पाणी निघून जाताना दिसते. म्हणून ‘अडवा’ हा शब्द आपल्या तोंडी बसला, आणि तो योग्यच आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत जो हाहाकार झाला, त्याने दुसरा प्रश्न समोर ठेवला. कोरडवाहू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावांत माणसे छपरांवर अडकली, शेतातली माती खरवडून गेली.

अतिवृष्टी कोणाच्या हाती नसते. ओढ्यांचे काय करायचे ते मात्र आपल्या हाती असते. गेल्या काही वर्षांत नाल्यांचे रुंदीकरण-खोलीकरण उत्साहाने झाले. काही ठिकाणी त्याने विहिरींना पाणी आले, हे मान्य केले पाहिजे. पण वळणे काढून, झाडे उपटून, काठ गुळगुळीत केलेला नाला म्हणजे मॅनिंगच्या भाषेत खडबडीतपणा घटवलेला आणि उतार वाढवलेला नाला. त्यात मध्ये बांध ठेवले नसतील तर पाणी अधिक वेगाने खाली जाते आणि खालच्या गावाला पूर लवकर व उंच गाठतो. पाटात गवत म्हणजे अन्याय, ओढ्याकाठी झाडे म्हणजे संरक्षण. सूत्र तेच, पण पाणी कुठे पळवायचे आणि कुठे रेंगाळू द्यायचे हे माणसाने ठरवायचे असते.

एक क्युसेक म्हणजे किती?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले, ते साऱ्या देशाने पाहिले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. स्टेशनवर माणसे गाडी पाहायला जमली होती. आता एक साधा हिशेब करू. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर, एखाद्या लहान चारीतून जाते तेवढे पाणी. एवढी चारी ते पाच लाख लिटर पाच तासांच्या आत वाहून नेते. रात्री दहाला सुटलेले पाणी फुटक्या चारीतून नाल्याला लागले आणि पाटकरी पहाटे तीनला आला, तर तेवढ्यात एक गाडी रिकामी झालेली असते. तिचा फोटो कोणी काढत नाही. हीच चारी रात्रंदिवस वाहिली तर एक एकरावर दोन फूट पाणी उभे राहील.

कृष्णा खोऱ्यातले पाणी उपसून या भागात आणायची योजना वर्षानुवर्षे चर्चेत आहे. इतक्या उंचीवर विजेच्या जोरावर चढवलेला प्रत्येक घोट महाग असणार. ते पाणी कुठल्या तलावात किती पडले याच्या बातम्या येतील, पूजन होईल, नारळ फुटतील. होऊ द्यावे, पाण्याचे स्वागत करायलाच हवे. पण त्याच दिवशी गावाने एक प्रश्न विचारावा, की आमच्या चारीच्या तोंडाशी मोजपट्टी कुठे आहे?

मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक वितरिकेच्या आणि चारीच्या मुखाशी चालू स्थितीतली मोजणीची घडण असावी. पाळी सुटण्यापूर्वी गवत काढले जावे आणि ते काढल्याचे टेलच्या शेतकऱ्याने सही करून सांगावे. रोजचा प्रवाह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांना घेऊन शिक्षकांनी वर्षातून एकदा ओढ्यात लाकडाचा तुकडा सोडून, घड्याळ लावून, प्रवाह मोजून पाहावा. कास्तेल्लीचे सूत्र समजायला एक दोरी, एक काठी आणि एक दुपार पुरते. आणि वर्तमानपत्रांनी धरणांच्या त्या कोष्टकात एक रकाना वाढवावा, ‘टेलला पोचलेले पाणी’. पहिल्या वर्षी त्यात बहुतेक ठिकाणी शून्य छापावे लागेल. तरी छापावे. शून्य छापून आले की त्याचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागते.